रविवारची वेचणी

सिंदीला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव, आडनाव, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी कापसाचा एक पुंजका काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "कसा वाटते?"

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे ऊस. कापूस मी पाहिला होता तो औषधाच्या दुकानातल्या निळ्या कागदात गुंडाळलेला. मी म्हटलं, "मऊ आहे."

"सगळेच मऊ म्हणतेत," ते म्हणाले आणि पुंजका परत खिशात गेला. मला वाटलं, खोली गेली. जनावरांच्या दवाखान्यात नवीच नोकरी लागलेली, दोन दिवस एका ओळखीच्या बाईंकडे पथारी टाकून काढलेले, आणि आता कापसावर नापास. तेवढ्यात काकू पाणी घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, रविवारचं सांगितलं का हिला. मग काकांनी अट सांगितली. भाडं मागेपुढे झालं तर चालेल. रविवार मागेपुढे होत नाही. सकाळी दहा ते बारा खालच्या बैठकीत हजर राहायचं, गावात असेन तर.

मला वाटलं सत्संग असणार. म्हटलं, बसू टाळ कुटत, खोली हवेशीर आहे. रविवारी दहाला केस विंचरत होते तर खालून असा काही आवाज सुरू झाला की माझ्या खिडकीतल्या तांब्यातलं पाणी थरथरलं. विद्युत गिटार, ढोल, आणि कुणीतरी इंग्रजीत जीव तोडून ओरडतंय. जिना उतरून गेले तर दिवाणावर काका मांडी घालून, डोळे मिटून बसलेले. चेहरा काकड आरतीला बसल्यासारखा. शेजारी खुर्चीत एक निवृत्त मास्तर हातात वही घेऊन, आणि उंबऱ्याला टेकून वांग्यांची रिकामी टोपली घेऊन एक तरणा माणूस, मांडीवर बोटांनी ताल धरून. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. काकांनी डोळे न उघडता शेजारची चटई थोपटली.

त्या चटईवर मी पुढची चार वर्षं बसले.

सगळी सिंदी त्यांना काकाच म्हणायची, म्हणून मीही तेवढंच म्हणते. पस्तीस वर्षं ते एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. म्हणजे गाडीतला कापूस हातात घेऊन तो कुठल्या प्रतीचा हे सांगणारा माणूस. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचा, एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचा, सगळे तंतू एका रांगेत आले की खिशातल्या काळ्या कापडाच्या तुकड्यावर पसरायचे. लांब धागा, मध्यम, आखूड. मग ओल किती, कापसात चुरलेला पाला-कचरा किती. त्यांच्या तोंडून एकदा प्रत निघाली की शेतकरीही बोलत नसे आणि व्यापारीही. असं लोक सांगत. मी आले तेव्हा नोकरी सोडून त्यांना तीन वर्षं झाली होती, पण बोटं सुटली नव्हती. अंगठा आणि तर्जनी सतत एकमेकांवर घासत असायची. पोळी, पडदा, माझी ओढणी, पोस्टमनच्या सदऱ्याची बाही, जे हाती येईल ते चाचपून बघायचे. माणसांनाही प्रत लावायचे. फार बोलणारा माणूस आला-गेला की म्हणायचे, सरकीच जास्त, रुई थोडी. लवकर डोळ्यांत पाणी येणाऱ्याला म्हणायचे, ओल जास्त. मला पहिल्या महिन्यात घरच्या आठवणीनं रडू आलं तेव्हा त्यांनी काकूंना सांगितलं, पोरीले उन्हात बसव थोडी.

बँडचं नाव इंग्रजी आहे आणि ते बैठकीत कुणी घेत नसे. 'आपली मंडळी' म्हणायचे. तोच रिवाज मीही पाळते. मंडळी चौघं, इंग्लंडातली, चाळीसएक वर्षं एकत्र वाजवणारी. गाणारा उंच, तो लांब्या. ढोल वाजवणारा टकला आणि शांत, तो बुवा. चष्मेवाला गिटारवाला कुणाकडे न बघता खाली मान घालून वाजवतो म्हणून तो मुनीम. चौथ्याला चौथाच म्हणत, कारण त्याच्याबद्दल कुणाचं काहीच मत नव्हतं.

ही मंडळी सिंदीत आली कशी, तर जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचा नवा प्रेस बसवायला एक फिटर आला होता. महिनाभर राहिला आणि जाताना एक कॅसेट विसरून गेला. काकांनी ती टेपरेकॉर्डरवर लावली. तोवर त्यांनी जिनिंगमध्ये भजनं लावून बघितली होती, सिनेमाची गाणी लावून बघितली होती. सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या घरघरीत काहीच ऐकू यायचं नाही. ही कॅसेट ऐकू आली. एवढंच कारण. काकांना मी एकदा विचारलं की पहिल्यांदा ऐकताना नेमकं काय आवडलं, तर म्हणाले, "आवडलं कुठं? आयकू आलं. आवडलं मंग, साताठ वर्षांनी."

बाकीच्या कॅसेटी नागपूरहून भरून आणलेल्या. भरून देणारा गडी वर नावं लिहीत नसे, म्हणून अल्बमांना नावं काकांनीच दिली, आणि अर्थातच कापसाची. सुरुवातीचे तीन अल्बम म्हणजे पहिली वेचणी, पांढरेशुभ्र, लांब धाग्याचे. मधले दोन दुसरी वेचणी. एक अल्बम त्यांनी कवडी ठरवला होता, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. त्यावरून मेश्राम सरांशी त्यांचं वीस वर्षं भांडण होतं.

मेश्राम सर म्हणजे ते वहीवाले. इंग्रजीचे मास्तर, बायको गेलेली, मुलगी दूर देशात. गाण्यांचे अर्थ तेच सांगत. सर म्हणायचे की कवडी म्हणून टाकलेला अल्बम हाच मंडळींचा सर्वांत धाडसी अल्बम आहे, त्यात कामगारांचं दुःख आहे. काका म्हणायचे दुःख असेल, धागा नाही. टोपलीवाल्या गजूला शब्दांशी देणंघेणं नव्हतं. तो पलीकडच्या गावात भाजीपाला करायचा, रविवारी पहाटे बाजारात माल देऊन थेट इथं यायचा आणि बुवा कुठं कुठं टिपऱ्या बदलतो एवढंच ऐकायचा. आठवड्यातले हे दोनच तास तो कुणाला भाव सांगत नसे. काकू कधी बैठकीत बसल्या नाहीत. आपल्याला हा धिंगाणा आवडत नाही असं त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. पण कणीक तिंबायची वेळ त्यांनी दहाचीच ठेवली होती, आणि बुवाचा हात थांबला की त्यांचाही थांबायचा, हे मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलेलं आहे.

माझ्या हातून पहिल्याच महिन्यात एक अनर्थ झाला. पहिल्या वेचणीतल्या दुसऱ्या कॅसेटचं शेवटचं गाणं मधेच तुटायचं. लांब्या एका ओळीत वर चढत जातो, शेवटचा शब्द अर्धा येतो, आणि टक्. संपलं. त्या टक् आवाजानंतर बैठकीत दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. सरांनी या शेवटावर नागपूरच्या एका मासिकात लेखही लिहिला होता, मृत्यू असाच वाक्याच्या मध्ये येतो वगैरे. मी आपली नवीन. दोन मिनिटं संपली तेव्हा फोन काढून म्हटलं, काका, हे गाणं पुढं आहे की. कॅसेट पुरली नसेल म्हणून भरणाऱ्यानं तोडलं असेल.

आणि लावलं. गाणं आणखी तीन मिनिटं होतं. लांब्यानं तो शब्द पूर्ण केला, मग मुनीम बराच वेळ एकटा वाजवत राहिला, मग सगळे पुन्हा आले आणि हळूहळू विरून गेले. गजू तोंड उघडं ठेवून बघत होता. सरांनी वही मिटली. तीस वर्षं ज्याच्यापुढे हात जोडले तो शेवट एका दुकानदाराच्या अपुऱ्या टेपनं केलेला होता. काका सबंध तीन मिनिटं बोटं घासत बसले होते. मग त्यांनी निकाल दिला.

"पुढचा पाला हाय. भरणाऱ्याले समजत होतं कुठं थांबाव ते. मंडळीले नाई समजलं."

तो विषय तिथं मिटला. पुढे टेपरेकॉर्डर बसला आणि सगळं माझ्या फोनवरून, एका काळ्या स्पीकरवर लागू लागलं, तरी ते गाणं तिथं आलं की काका हात लांब करून अंगठ्यानं बरोबर त्याच अर्ध्या शब्दावर बंद करायचे. टक् आवाज स्वतः जिभेनं काढायचे.

सर इंटरनेटवरच्या, जगभरच्या चाहत्यांच्या एका इंग्रजी मंचावर होते. तिथं माणसं रात्रंदिवस भांडायची, कुठला अल्बम श्रेष्ठ, मंडळी आता थकली का, लांब्याचा आवाज गेला का. सर ते सगळं छापून आणून आम्हाला वाचून दाखवायचे. ब्राझीलचा एक गृहस्थ असं म्हणतो, फिनलंडच्या एका बाईंचं म्हणणं पडलं की. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, त्या बाईले समजते, ब्राझीलवाल्याले ओल जास्त हाय. एकदा सरांनी काकांची सगळी प्रतवारी इंग्रजीत करून मंचावर टाकली. चार दिवस रण माजलं. वेचण्या लोकांना पटल्या, कवडीही पटली, पण फरदड कुणाला कळेना.

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटायची सोडून तिलाच पुन्हा पाणी देऊन घेतलेला कापूस. झाड म्हातारं, बोंडं बारकी, धागा आखूड, वर बोंडअळीला घर. कृषी खात्याचे लोक गावोगाव सांगत फिरतात की फरदड घेऊ नका. मंडळींचे शेवटचे दोन अल्बम काकांनी फरदडीत टाकले होते. दोन्ही एकेकदा ऐकून बाजूला ठेवले, पुन्हा नाव नाही. सरांनी ते सगळं फिनलंडच्या बाईंना समजावलं. तेव्हापासून त्या बाई फरदड हा शब्द सर्रास वापरू लागल्या, असं सर अभिमानानं सांगत.

फरदडीचा काकांना एवढा राग का, ते मला काकूंनी सांगितलं. कुरड्या वाळत घालताना, सहज. नोकरीच्या शेवटच्या हंगामात काकांनी एक गाडी लांब धागा म्हणून पास केली. संध्याकाळी घरी आल्यावर खिशातला त्याच गाडीचा पुंजका पुन्हा ओढून बघितला, तर मध्यम. दहादा ओढला. पस्तीस वर्षांत बोटं अशी फसली नव्हती. मालकाला जाऊन सांगितलं तर मालक हसला, म्हणाला, कुणाला कळलंय काका, एका गाडीनं काय होतं. दुसऱ्या दिवशी काकांनी काम सोडलं. सगळ्यांनी समजावलं. ते म्हणाले, पऱ्हाटी उपटायची वेळ झाली की उपटावी. त्यानंतर कापसाचा लिलाव होतो त्या बाजार समितीच्या रस्त्यानं ते कधी गेले नाहीत. स्टेशनवर जायचं तरी मागच्या गल्लीतून, वळसा घालून.

"मले इचारशील तं बोटाले काई झालं नोतं," काकू म्हणाल्या. "थंडी होती त्या दिवशी. पण सांगाव कोणं?"

चौथ्या हिवाळ्यात बातमी आली. नऊ वर्षांनी मंडळींचा नवा अल्बम येतोय. बुवाचा खांदा दुखावलेला आहे, दौरा होणार नाही. हा शेवटचा का, असं मुनीमाला कुणीतरी विचारलं तर तो म्हणाला, बघू. मंचावर आग लागली. आमच्या बैठकीत त्या एका शब्दावर सबंध रविवार गेला. गजू म्हणाला, आपल्याकडं बघू म्हणजे नाई, मी गिऱ्हाइकाले रोज म्हणतो. सर म्हणाले, इंग्रज माणूस बघू म्हणतो तेव्हा खरंच बघतो.

मग काका म्हणाले, बघायचं काही नाही. फरदड आहे, आपण ऐकायची नाही.

सरांना वाटलं गंमत आहे. ती गंमत नव्हती. काका म्हणाले, मंडळींनी नऊ वर्षांपूर्वीच थांबायला पाहिजे होतं. आता लांब्याचा आवाज फुटलेला ऐकायचा आणि आपण माना डोलवायच्या, हे आपल्याच्यानं होणार नाही. सर म्हणाले, मग जुनंच ऐकू. काका म्हणाले, नुसतं जुनं ऐकत बसणं म्हणजे दर रविवारी तेरवी जेवणं. नवं ऐकायचं नसेल तर बैठकीला अर्थ नाही. तेव्हा बैठक बंद. हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं आणि स्पीकरवर फडकं टाकलं.

पुढच्या रविवारी दहा वाजता मी जिना उतरले, तर खाली काका पेपर वाचत होते. गजू फाटकापर्यंत येऊन, स्पीकरवरचं फडकं बघून परत गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. सर मला बाजारात भेटले, म्हणाले, "मॅडम, मी दोन आठवडे फक्त दूधवाल्याशी बोललो आहे." ते हसत म्हणाले, पण ते हसणं मला बघवलं नाही. मलाही रविवार खायला उठला होता. सिंदीत माझं म्हणावं असं तेवढंच होतं, ते मला तेव्हा कळलं. अल्बम येऊन आठ दिवस झाले होते आणि आम्ही तिघांपैकी कुणीही तो ऐकला नव्हता. चोरून ऐकणं सहज शक्य होतं. जमलं नाही.

तिसऱ्या रविवारी काकूंनी मला सकाळीच वरून हाक मारली. म्हणाल्या, त्या दोघांना बोलावून घे आणि तुझा फोन आण. आम्ही जमलो. काका पेपरमागे. काकू आतून एक वाटी घेऊन आल्या, वाटीत दहीभात. स्पीकरवरचं फडकं काढलं, पुढ्यात वाटी ठेवली, कापसाचे चार तंतू ओढून स्पीकरभोवती गुंडाळले आणि हळदकुंकू लावलं.

हे सीतादही. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतातल्या पऱ्हाटीला बाया दहीभात दाखवतात, तंतू गुंडाळतात आणि मगच कापसाला हात लावतात. एकदा सीतादही केलं की त्या दिवशी वेचणी टाळायची नाही, पाऊस येवो की पाहुणा, अशी काकांच्या आईची शिस्त होती. ती काकांनी आयुष्यभर पाळली होती. काकूंना हे माहीत होतं.

काकांनी पेपर खाली केला. "हे काय लावलं? हा काय सीतादहीचा मयना हाय का?"

"अल्बम पयल्यांदाच उघडून राह्यले ना?" काकू म्हणाल्या. "मंग पयलीच वेचणी. दही दाखवलं म्या. आता नाई म्हनाचं असन तं तुमच्या मायले सांगा."

त्यांची माय जाऊन वीस वर्षं झाली होती. काका दिवाणावर बसले. खिशातून काळं कापड काढून मांडीवर पसरलं, कपाटातल्या डब्यातून कापूस घेतला, डोळे मिटले. मी लावलं.

दहा गाणी होती. बुवाचा हात मंद झाला होता, हे गजूला पहिल्याच गाण्यात कळलं, त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मुनीम तसाच होता, खाली मान घालून. काकांची बोटं चालू होती, ओढ, ठेव, ओढ. सातव्या गाण्यात लांब्या वर चढायला लागला, तसाच, पहिल्या वेचणीत चढायचा तसा. अर्ध्यावर आवाज फाटला. त्यानं तो शब्द सोडला नाही. खाली उतरला आणि जवळजवळ बोलल्यासारखा, हळूच, पूर्ण केला. मंडळींनी ते तसंच ठेवलं होतं, दुरुस्त केलं नव्हतं. काकांची बोटं थांबली. उरलेली तीन गाणी ती हललीच नाहीत.

गाणी संपली. सरांच्या वहीचं पान कोरं होतं. काकांनी डोळे उघडून मांडीवरच्या काळ्या कापडाकडे बघितलं.

"फरदड," ते म्हणाले.

गजूनं टोपली उचलली. सर चष्मा पुसू लागले. मला काकूंकडे बघवेना.

"थांब ना बावा," काका म्हणाले. "बाजारात आणली तं मी पास नाई करणार. धागा आखूडच हाय, खोटं काऊन बोलू?" मग त्यांनी पायांवरची दुलई ओढून पुढ्यात घेतली आणि तिच्या उसवलेल्या कोपऱ्यात दोन बोटं घातली. "पण ह्यात काय भरलं हाय, सांगा बरं. फरदड. माह्या मायनं भरली. लांब धागा कोणी घरी ठेवते का? तो गठाणीत बांधून परक्या गावाले जाते. घरच्याले फरदडच पुरते. चाळीस हिवाळे झाले, अजून ऊब हाय." दुलईतून काढलेला कापूस त्यांनी बोटांत धरला, पण ओढला नाही. "पुढच्या रयवारी पुन्हा लावजो, पोरी. सातवं गाणं दोनदा."

माझ्या डोळ्यांना धार लागली. काकांनी तो कापूस माझ्या हातात दिला आणि सरांना म्हणाले की हिची ओल चार वर्षांत काही कमी झाली नाही. काकूंनी वाटीतला दहीभात सगळ्यांना एकेक घास वाटला. गजूनं दोन घेतले.

पंधरा दिवसांनी गजूनं येऊन सांगितलं की काका बाजार समितीच्या रस्त्यानं जाताना दिसले. मग आत गेलेले दिसले. मग तिथल्या कडुलिंबाखालच्या बाकावर बसलेले दिसले. कुणीतरी ओळखून कापूस पुढं केला, काकांनी ओढून सांगितलं, आणि तेव्हापासून लिलावाआधी लोक आपला कापूस त्यांना दाखवून जाऊ लागले, आपल्या मालाची प्रत आपल्याला आधी कळावी म्हणून. पहिलं वाक्य ते प्रत्येकाला तेच सांगत असत. बोटं पयल्यासारखी नाईत बरं, दुसऱ्यालेही दाखवजो. लोक दुसऱ्याला दाखवत नसत. मला हे ऐकून किती आनंद झाला ते मी काकांना सांगितलं नाही, त्यांनी पुन्हा ओल काढली असती.

उन्हाळ्यात माझी बदली झाली. साताऱ्याकडे, मी मागितलेली, आणि मिळाल्यावर मलाच नको झालेली. शेवटच्या रविवारी सर माझ्यासाठी सगळ्या गाण्यांचे अर्थ लिहिलेली वही घेऊन आले. गजूनं वांगी आणली होती, ती रेल्वेतून कशी न्यायची याचा विचार न करता. काकूंनी शेंगोळे केले होते. मंडळींचं पुढं काय, ते तेव्हाही ठरलेलं नव्हतं, आजही नाही. बुवाचा खांदा बरा आहे म्हणतात. मुनीम अजून बघू म्हणतो. सर दर रविवारी बैठक झाली की मला फोन करून फिनलंडचं म्हणणं काय ते कळवतात.

त्या दिवशी काकांनी विचारलं, तुला काय ऐकायचं. मी ते तुटणारं गाणं मागितलं. वाटलं, ती टक् एकदा ऐकून जावी.

गाणं लागलं. स्पीकर काकांच्या हाताशी होता. सगळ्यांना ती जागा पाठ होती, म्हणून जसजसा लांब्या वर चढू लागला तसे आम्ही सगळे काकांच्या अंगठ्याकडे बघू लागलो. आत काकूंची कणीक थांबली. अर्धा शब्द आला. काकांचा अंगठा तर्जनीवर घासत होता, तिथंच, मांडीवर. शब्द पूर्ण झाला. मुनीम एकटा वाजवू लागला. गजूनं न राहवून स्पीकरकडे बोट दाखवलं, काका विसरले असतील म्हणून.

"पालाच हाय," काका डोळे मिटून म्हणाले. "चालू दे."